ताटवाटी वेगळी कशाला?

मागे वारजे माळवाडीतल्या एक मावशी दवाखान्यात आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) गुडघेदुखीच्या गोळ्या लिहून झाल्या तरी उठेनात. शेवटी हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, सुनेच्या कपाटात गोळ्यांची बाटली सापडली. तिला एड्स आहे म्हणे. मी तिची ताटवाटी वेगळी केली. आता नातवाला तिच्याजवळ झोपू द्यावं का?"

सून नंतर भेटली. तिचे दुखणे निराळेच होते. सासूबाईंच्या भीतीने ती गोळ्या लपवून घेत असे, आणि घरात पाहुणे असले की दोन-दोन दिवस घेतच नसे. खरा धोका इथे आहे, ताटवाटीत नाही.

भोसरीला १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. वारज्याहून तासाभराच्या अंतरावर हे काम इतकी वर्षे चालले आहे. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात या विषयाची नीट माहिती असलेल्या स्त्रिया देशात सुमारे २२ टक्के आणि पुरुष ३१ टक्केच निघाले. 'नीट माहिती' म्हणजे रोग कसा होतो एवढेच नव्हे, तर कसा होत नाही हेही ठाऊक असणे. आपले गाडे अडते ते या दुसऱ्या भागात.

एच.आय.व्ही. हा विषाणू पसरतो तो निरोध न वापरता केलेल्या शरीरसंबंधातून, बाधित रक्तातून, दूषित सुईतून आणि आईकडून बाळाला. एका ताटात जेवल्याने, एक संडास वापरल्याने, मिठी मारल्याने किंवा शेजारी झोपल्याने तो होत नाही. डासाचा प्रश्न मला हमखास विचारतात. डास चावताना आपली लाळ आत सोडतो, आधी प्यालेले रक्त नव्हे; शिवाय हा विषाणू डासाच्या शरीरात वाढत नाही. मलेरियाची गोष्ट वेगळी.

आणखी एक घोळ. एच.आय.व्ही.ची लागण म्हणजे एड्स नव्हे. उपचार न झाल्यास काही वर्षांत प्रतिकारशक्ती खालावते, क्षयासारखे रोग बळावतात. त्या अवस्थेला एड्स म्हणतात. सून त्या अवस्थेत नव्हती आणि गोळ्या चालू ठेवल्या तर बहुधा जाणारही नाही.

मी १९९४ साली इंटर्न होतो, तेव्हा अशा रुग्णाच्या खाटेपाशी आम्ही दोन-दोन हातमोजे घालून, तेही लांबूनच उभे राहत असू. डॉक्टरच असे वागले, तर मावशींना काय बोलणार? त्या काळी देण्यासारखे औषधही हाती फारसे नव्हते. १ एप्रिल २००४ पासून सरकारने मोफत ए.आर.टी. सुरू केली, महाराष्ट्र पहिल्या राज्यांत होता. आज बहुतेकांना दिवसाला एकच गोळी पुरते. ती न चुकवता घेतली की रक्तातले विषाणू इतके कमी होतात की तपासणीत सापडत नाहीत, आणि ही स्थिती टिकली तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. गरोदरपणातच उपचार सुरू झाले, तर बाळाला होणारी लागणही बहुतेक वेळा टळते. गोळ्या मध्येच सोडल्या की विषाणू पुन्हा वाढतात, कधी औषधाला दाद देईनासे होतात.

शंका असेल तर सरकारी रुग्णालयातील समुपदेशन व तपासणी केंद्रात जा. तपासणी मोफत होते, नाव गुप्त राहते. लागण झाल्यावर पहिले काही आठवडे तपासणीत दोष दिसत नाही, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा करावी. २०१७ च्या कायद्यानुसार संमतीशिवाय ही तपासणी करणे किंवा या कारणावरून नोकरीवरून काढणे बेकायदा आहे. १०९७ या क्रमांकावर फुकट माहिती मिळते.

मावशी परवा बी.पी. तपासायला आल्या होत्या. ताटाचे विचारले. म्हणाल्या, "ताट आता एकत्रच घासते. पाण्याचा तांब्या तेवढा अजून वेगळा आहे." त्यांना पुढच्या सोमवारी सुनेला घेऊन यायला सांगितले आहे.