अन्ननलिकेचा कर्करोग : शस्त्रकर्मापूर्वी पेट-सीटी

घन अन्न अडकणे व वजन घटणे या लक्षणांत एंडोस्कोपी व बायोप्सीने कर्करोग निश्चित झाला, की प्रश्न उरतो प्रसाराचा. यकृत वा अस्थींत तो पोहोचला असल्यास अन्ननलिका काढून रोग बरा होत नाही. यातना मात्र पदरी पडतात. साध्या सीटीत न दिसलेला प्रसार पेट-सीटीत काही वेळा उघड होतो. शिरेतून दिलेले किरणोत्सारी ग्लुकोजसदृश द्रव्य कर्कपेशी अधिक शोषतात. क्षयाच्या ग्रंथीही तशाच उजळतात. म्हणून संशयित स्थानाच्या बायोप्सीविना रुग्णास असाध्य ठरवू नये. तपासणीपूर्वी ४ ते ६ तास केवळ साधे पाणी चालते. च्यवनप्राश, आसवारिष्टे, मधातील चाटणे ‘औषधच ते’ म्हणून रुग्ण घेतच राहतो. वैद्याने व औषधविक्रेत्याने ती त्या काळात कटाक्षाने थांबवावीत.