फेरागोस्तो : देहाच्या विसाव्याचा सण



१५ ऑगस्टला आपण दोन सण एकत्र साजरे करतो : पवित्र मरियेचे स्वर्गोन्नयन आणि देशाचा स्वातंत्र्यदिन. मिस्सा आणि झेंडावंदन, दोन्ही एकाच दिवशी. इटलीतही त्या दिवशी सार्वजनिक सुटी असते. तेथील लोक या सणाला 'फेरागोस्तो' म्हणतात. 'ऑगस्टसचा विसावा' असा त्याचा मूळ लॅटिन अर्थ. रोमन सम्राट ऑगस्टसने ख्रिस्तपूर्व १८ मध्ये तो सुरू केला, असे मानले जाते.

त्या सुमारास तिकडे गव्हाची कापणी उरकलेली असे. याच महिन्यात कोन्सुस या धान्यदेवाचा उत्सव होई. त्या दिवशी घोडे, खेचरे, गाढवे यांना कामाला जुंपत नसत. त्यांना फुलांच्या माळा घालीत. आपला पोळाच जणू! म्हशाच्या जत्रेतला बैलबाजार पाहत वाढलेल्यांना यातला भाव समजावून सांगायला नको. पुढे मजूर मालकाला सणाच्या शुभेच्छा देऊ लागले व मालक त्यांना पोस्त देऊ लागला.

सातव्या शतकापर्यंत मरियेचा सण रोममध्येही रुजला आणि जुन्या विसाव्याला नवा अर्थ मिळाला. १ नोव्हेंबर १९५० रोजी पोप बारावे पायस यांनी जाहीर केलेला धर्मसिद्धान्त सांगतो, की मरियेला देह व आत्मा यांसह स्वर्गीय गौरवात घेण्यात आले.

आज इटालियन माणूस हा दिवस कसा घालवतो? शहरातली दुकाने बंद होतात. कुटुंबे समुद्रावर वा डोंगरात जातात, एकत्र जेवतात, कलिंगड कापतात. १९३१ पासून तिथल्या सरकारने स्वस्त तिकिटांच्या खास गाड्या सोडल्या. आपली लोकप्रियता वाढावी हा मुसोलिनीचा हेतू होता. तरी अनेक गरिबांनी त्यामुळे समुद्र प्रथमच पाहिला. सार्डिनिया बेटावरील सास्सारी गावात आदल्या दिवशी कारागीर व शेतकऱ्यांचे संघ मेणबत्तीच्या आकाराचे प्रचंड लाकडी खांब खांद्यावर घेऊन नाचवत मरियेच्या मंदिरात नेतात. प्लेगच्या साथीत केलेला नवस ते आजही फेडतात.

पण गोठ्यातल्या गाईंना सुटी नसते. पो नदीच्या खोऱ्यातील गोठ्यांत फेरागोस्तोलाही दूध काढावे लागते आणि ते काढणाऱ्यांत आपले पंजाबी बांधव पुष्कळ आहेत. १५ ऑगस्ट तर त्यांच्याही देशाचा स्वातंत्र्यदिन!

इथे आपल्या मुरबाड-शहापुरात तेव्हा भाताची आवणी नुकतीच संपलेली असते. वाकून वाकून कंबर धरलेली, पायांना चिखल्या झालेल्या. काही तत्त्वज्ञांनी देहाला आत्म्याचा तुरुंग म्हटले. ख्रिस्तसभा तसे मानत नाही. मरियेचा देह कष्टाळू गावातल्या बाईचा होता. तो देह देवाने गौरविला असेल, तर कष्टकऱ्याचा देह वापरून टाकायचे अवजार कसा ठरेल? विसावा ही मालकाची मेहेरबानी नव्हे. देवाच्या आज्ञेत तो दासदासींना आणि बैलालाही दिलेला आहे.

चिंतनासाठी :

१. आपल्या शेतावर, दुकानात वा घरात राबणाऱ्यांना आपण सणाच्या दिवशी मजुरी न कापता सुटी देतो का?

२. सणाचा स्वयंपाक करणाऱ्या घरच्या बाईचा सण कधी असतो?