दुखणे अंगावर का काढले जाते?
आरोग्याच्या अभ्यासात मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांचे स्थान

नाशिक जिल्ह्यातील येवला हे पैठणीचे गाव म्हणून सर्वदूर परिचित आहे. येथील विणकर घरातच हातमाग मांडतो. जमिनीतील खड्ड्यात पाय सोडून तो बसतो, पायांनी माग चालवितो आणि पाठ वाकवून, नजर खिळवून पदरावरील मोर किंवा कमळ धाग्याधाग्याने भरीत जातो. नक्षी जितकी बारीक तितके दिवस अधिक. एका पैठणीला कित्येक आठवडे, प्रसंगी महिनेही लागतात. अशा कारागिराला कंबरदुखी जडली किंवा त्याची दृष्टी मंदावली, तर त्याचे शारीरिक कारण वैद्यकाच्या ग्रंथात सापडते. परंतु तो दवाखान्यात उशिरा का येतो आणि सांगितलेली विश्रांती का घेऊ शकत नाही, याचे उत्तर त्या ग्रंथात मिळत नाही. जेथे मजुरी विणलेल्या कामावर मिळते, तेथे माग थांबला की मिळकतही थांबते. कांड्या भरण्यापासूनच्या कामात घरातील इतरांचाही हात असतो. त्यामुळे एकाचे आजारपण सर्वांचे काम अडविते. म्हणून दुखणे अंगावर काढले जाते.

रोग शरीरात होतो, परंतु आजारपण माणसाच्या जीवनात घडते. त्या जीवनाचा अभ्यास इतिहास, भाषा, साहित्य, नीतिशास्त्र, समाजशास्त्र, मानवशास्त्र आणि अर्थशास्त्र या विद्याशाखा करतात. त्यांच्या साहाय्याने आरोग्याचा आणि वैद्यकाचा विचार करणे ही आता जगभर मान्य झालेली अभ्यासपद्धती आहे. ग्रामीण भागात आरोग्याच्या योजना राबविणाऱ्यांना तर तिची गरज पावलोपावली भासते.

भाषेतून होणारे निदान

‘दुखणे अंगावर काढणे’ हा वाक्प्रचार मराठी माणूस सहज वापरतो. सोसणे हा जणू उपचाराचाच एक प्रकार आहे, अशी समजूत त्यात दडलेली आहे. आजारांची नावेही अशीच बोलकी आहेत. आपल्याकडे एका भीषण साथरोगाला ‘देवी’ म्हणत. ‘देवी आल्या’ असे म्हणणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने तो केवळ रोग नव्हता, ते एक दैवी आगमन होते. लस टोचणाऱ्या कर्मचाऱ्याला विषाणूइतकाच या श्रद्धेचाही विचार करावा लागे. भारतातील देवीचा अखेरचा रुग्ण १९७५ मध्ये आढळला आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या रोगाचे जगातून उच्चाटन झाल्याचे घोषित केले. लस प्रभावी होतीच. परंतु ती घरोघर पोहोचविण्यासाठी लोकांचे मन वळवावे लागले, हेही या यशामागचे सत्य आहे.

काही दुखण्यांना तर उच्चारही मिळत नाही. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी किंवा लैंगिक रोगांपैकी एक वा अधिक विकार होते. मात्र पूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रियांचे प्रमाण अवघे ८ टक्के होते. दवाखान्याच्या नोंदवहीत हे आजार दिसत नव्हते, कारण स्त्रिया दवाखान्यापर्यंत येतच नव्हत्या. संकोच, घरकामाचा भार आणि ‘बाईच्या जातीला हे चालायचेच’ ही समजूत यांनी जे झाकून ठेवले होते, ते विचारल्यावाचून कळणे शक्य नव्हते. नोंदवहीत आजार नाही याचा अर्थ गावात आजार नाही असा घेता येत नाही, हा या अभ्यासाचा प्रशासनाला मिळालेला मोठा धडा होय.

इतिहासाची साक्ष

सन १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ उद्भवली. मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवी भागात तिचे निदान केले. पुढील वर्षी साथरोग कायदा झाला. पुण्यात सैनिकांकरवी घरांची झडती, रुग्णांना सक्तीने हलविणे आणि घरातील वस्तूंची जाळपोळ असे उपाय योजले गेले. देवघर, स्वयंपाकघर आणि स्त्रियांची अब्रू यांविषयीच्या लोकभावनेची त्यात कदर राहिली नाही. लोक रुग्ण लपवू लागले, गाव सोडू लागले. असंतोष इतका पेटला की प्लेग अधिकारी रँड यांच्यावर २२ जून १८९७ रोजी गोळ्या झाडल्या गेल्या. उंदरावरील पिसू प्लेगचा प्रसार करते, हे पॉल-लुई सिमाँ यांनी दाखवून दिले ते त्यानंतर, १८९८ मध्ये. म्हणजे अपुऱ्या ज्ञानाला सक्तीची जोड मिळाली होती.

त्याच साथीत सावित्रीबाई फुले यांनी पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रुग्णांची शुश्रूषा केली. प्लेगग्रस्त मुलाला स्वतः उचलून आणल्यावर त्यांनाही लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. एकाच साथीची ही दोन चित्रे आहेत. एकात भीती होती, दुसऱ्यात आपुलकी. आरोग्य कर्मचाऱ्याला पाहून एखाद्या वस्तीत दार बंद होते, तेव्हा त्या बंद दारामागे असा काही जुना अनुभव आहे काय, हे तपासून पाहणे हिताचे असते.

स्पर्श आणि समाजरचना

वैद्यकाचा आरंभ स्पर्शाने होतो. नाडी पाहणे, पोट तपासणे, बाळाला हातात घेणे यांवाचून उपचार संभवत नाहीत. ज्या समाजात माणसाचा स्पर्शच निषिद्ध मानला गेला, तेथे आरोग्यसेवेची वाटणी समान कशी होणार? पाण्याचेही तसेच. महाडच्या चवदार तळ्याचा १९२७ मधील सत्याग्रह हा मानवी हक्काचा लढा होता, आणि पाणी हा आरोग्याचाही पाया आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी धर्मांतराची ऐतिहासिक घोषणा केली ती येवल्यातच. त्या घोषणेमागील प्रतिष्ठेचा प्रश्न आरोग्याच्या अभ्यासकालाही टाळता येत नाही. दवाखान्यात अवमान होईल अशी धास्ती ज्याला वाटते, तो औषध मोफत असूनही तिकडे फिरकत नाही.

या जाणिवेतून उभे राहिलेले काम म्हणजे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेड येथे सुरू केलेला प्रकल्प. त्यांनी गावातीलच स्त्रियांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून शिक्षण दिले. त्यांत अनेक निरक्षर होत्या, अनेक दलित समाजातील होत्या. त्या गावची भाषा बोलत, प्रत्येक घराची अडचण जाणत. ज्या घरांत पूर्वी त्यांना प्रवेश नव्हता, त्या घरांतील बाळंतिणी पुढे त्यांचाच सल्ला घेऊ लागल्या. आरोग्यसेवा आणि सामाजिक परिवर्तन हातात हात घालून चालू शकतात, हे जामखेडने दाखवून दिले.

वैद्यकीय शिक्षणातील बदल

नाशिक येथे मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची स्थापना १९९८ मध्ये झाली. एमबीबीएसच्या देशव्यापी अभ्यासक्रमात २०१९ पासून वृत्ती, नीती आणि संवाद या विषयांचा अंतर्भाव करण्यात आला आहे. त्यानंतर विद्यार्थ्यांनी गावातील काही कुटुंबांशी दीर्घकाळ संबंध ठेवून त्यांचे आरोग्य समजून घ्यावे, असा कुटुंब दत्तक कार्यक्रमही आखण्यात आला. असे विद्यार्थी गावात येतात तेव्हा त्यांना रक्तदाब मोजण्यास मदत करण्याबरोबरच गाव समजावून देणे, हे पंचायत सदस्य आणि शिक्षक यांचेच कार्य ठरते. या विषयातील शिक्षक तेच होत.

गावपातळीवरील अभ्यास

असा अभ्यास करण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. येवल्यात संक्रांतीच्या सुमारास पतंगांचा मोठा उत्सव होतो, हे उदाहरण घेता येईल. नायलॉनच्या मांजाने गळा चिरला तर डॉक्टर टाके घालतात. पण बंदी असूनही तो मांजा का विकला जातो आणि मुले तो का घेतात, याचा शोध शाळा, पालक आणि पंचायत यांनाच घ्यावा लागतो. उत्सवाचा आनंद जपून धोका टाळण्याचा मार्गही तेथूनच निघेल.

विणकराच्या दुखण्याचाही असाच विचार करता येईल. दवाखान्याची वेळ आणि मागाची वेळ एकच आहे काय? तपासणीसाठी किती मजुरी बुडते? खड्ड्याची खोली, बैठक आणि उजेड यांत थोड्या खर्चात सुधारणा शक्य आहे काय? पाणीटंचाईच्या दिवसांत हंडे वाहून आणणाऱ्या स्त्रीला स्वतःच्या आजारासाठी वेळ उरतो काय? आजी-आजोबांना साथींच्या कोणत्या आठवणी आहेत? आजारांची कोणती नावे गावात चालतात आणि कोणती उच्चारली जात नाहीत? माध्यमिक शाळेतील विद्यार्थी, शिक्षकांच्या मार्गदर्शनाखाली आणि कोणाचेही नाव उघड न करता, अशी माहिती गोळा करू शकतात. आशा कार्यकर्तीचा अनुभव त्याला जोडता येईल आणि त्यातून निघणारे निष्कर्ष ग्रामसभेपुढे ठेवता येतील.

दुखणे अंगावर काढणाऱ्या माणसाला अडाणी किंवा बेफिकीर म्हणणे सोपे आहे. त्याच्यापाशी बसून कारण विचारले, तर बहुधा त्या कारणात मजुरी, अंतर, संकोच किंवा पूर्वीचा अपमान यांपैकी काहीतरी सापडेल. यांपैकी पुष्कळ गोष्टी दूर करणे गावाच्या आणि प्रशासनाच्या हाती आहे. औषध देणे हे डॉक्टरांचे काम. त्या औषधापर्यंत माणूस वेळेत पोहोचेल अशी वाट तयार करणे हे मात्र सर्वांचे काम आहे, आणि त्याची सुरुवात त्याचे म्हणणे ऐकून घेण्यापासून होते.