निबंधाला गुण द्यायचं काम चॅटबॉटकडे द्यावं का?

प्रश्न : माझी मुलगी सहावीत, मराठी माध्यमात शिकते. शाळेतून निबंध लिहून आणायला सांगतात. तो बरा झालाय की नाही हे मला नीट सांगता येत नाही. म्हणून मी वहीच्या पानाचा फोटो काढून मोबाइलवरच्या एआय चॅटबॉटला देते. ‘मी पाहिलेली यात्रा’ या निबंधाला त्याने दहापैकी आठ गुण दिले. दुसऱ्या दिवशी तोच फोटो पुन्हा दिला, तर साडेसहा! ‘मी आजीबरोबर जोतिबाला गेलो’ हे वाक्य चूक म्हणाला. ‘घरी येऊन आजीची साडी भिजत घातली, तर बादलीतलं पाणी गुलाबी झालं’ हे वाक्य विषयाला सोडून आहे म्हणून काढून टाकलं आणि स्वतःच अख्खा निबंध नव्याने लिहून दिला. मुलगी हिरमुसली. कोणते गुण खरे धरायचे? आणि घरी असं तपासून घेणं बरोबर आहे का?
— एक आई, वारणानगर (ता. पन्हाळा, जि. कोल्हापूर)

उत्तर : ताई, दोन्ही गुण सोडून द्या. आठही खरे नाहीत आणि साडेसहाही नाहीत. चॅटबॉटची मदत मात्र सोडू नका. ती कशासाठी घ्यायची, एवढंच बदला.

गुण का बदलले ते समजून घ्यायला तुमच्याच भागातली एक गोष्ट उपयोगी पडेल. १९९८ साली केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणेच्या सहकारी संस्थांनी मिळून कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या सत्तर गावांत संगणक केंद्रं उभी केली. ‘वारणा वायर्ड व्हिलेजेस’ या नावाने हा प्रकल्प देशभर गाजला. शेतीचा सल्ला, बाजारभाव, सरकारी दाखले, शिक्षण असं पुष्कळ काही त्या केंद्रांतून मिळावं, अशी कल्पना होती. प्रत्यक्षात शेतकरी तिथे मुख्यतः आपल्या उसाची चौकशी करायला जात. वजन किती भरलं, बिल किती झालं, तोड कधी येणार. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी सात गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलच्या एसएमएसवर हीच माहिती देऊन पाहिली, तर तेवढ्यानेही काम भागलं.

भागलं, कारण विचारलेला आकडा आधीपासून अस्तित्वात होता. ट्रॉली काट्यावर चढली, वजन झालं, नोंद झाली. मग तो आकडा आज विचारा की उद्या, बापाने विचारा की मुलाने, उत्तर एकच. निबंधाचे गुण असे कुठल्याही काट्यावर आधी झालेले नसतात. तुम्ही विचारता त्या क्षणी चॅटबॉट ते तयार करतो. त्याचं काम चालतं ते असं : आतापर्यंतचा मजकूर पाहून पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता किती, याचा हिशेब करायचा आणि शक्य असलेल्या शब्दांतून एक उचलायचा. दर वेळी सर्वांत वरचाच शब्द उचलला तर उत्तरं कंटाळवाणी होतात, म्हणून निवडीत थोडी मोकळीक मुद्दाम ठेवलेली असते. ‘दहापैकी’ या शब्दानंतर साडेसहा, सात, आठ हे सगळेच शोभून दिसतात. काल एक आला, आज दुसरा.

हे पडताळून पाहायचं असेल तर दर वेळी नवं संभाषण उघडून तोच निबंध पुन्हा द्या. एकदा म्हणा, ‘माझ्या लेकीने किती छान लिहिलंय बघ’, आणि एकदा म्हणा, ‘तू कडक परीक्षक आहेस’. निबंधातली वेलांटीही न बदलता गुण कसे हलतात ते दिसेल.

यावर कुणी म्हणेल, माणसं तरी कुठे सारखे गुण देतात? खरं आहे. १९१२ मध्ये डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट या अमेरिकी संशोधकांनी इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शाळांतल्या शिक्षकांकडून तपासून घेतली. शंभरपैकी ६४ पासून ९८ पर्यंत गुण पडले. पण शिक्षकाला ‘हे कमी का दिले?’ असं विचारता येतं. त्यामागे त्याचं काही मत असतं आणि त्या मतावर तो ठाम राहतो किंवा पटलं तर ते बदलतो. चॅटबॉटला ‘साडेसहा का?’ विचारलं तर तो साडेसहाचं कारण देईल. ‘आठ का नाही?’ विचारलं तर माफी मागून आठचंही कारण देईल. दोन्ही कारणं वाचायला तितकीच पटणारी असतील. धोका आहे तो इथे.

यंत्राकडून निबंध तपासण्याची खटपट काही कालची नाही. एलिस पेज नावाच्या अमेरिकी प्राध्यापकाने १९६६ मध्येच संगणकाने निबंधाला गुण देण्याची पद्धत मांडली. आधी ते शाळेत शिक्षक होते. निबंधांचे गठ्ठे तपासण्याचा शीण त्यांनी सोसलेला होता. त्यांचं यंत्र अर्थ वाचत नव्हतं. निबंधाची लांबी, स्वल्पविराम, शब्दांचा आकार अशा मोजता येणाऱ्या गोष्टींवरून ते शिक्षकांच्या गुणांच्या जवळ पोचत होतं. चांगल्या निबंधात या गोष्टी बहुधा असतात, पण या गोष्टी आहेत म्हणून निबंध चांगला ठरत नाही. २०१४ मध्ये एमआयटीतले लेस पेरेलमन यांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून हे उघड करून दाखवलं. त्यांनी एक संगणक प्रोग्रॅम तयार केला. त्याला दोनतीन शब्द दिले की तो जडजंबाल शब्दांचा, पण काडीचाही अर्थ नसलेला निबंध लिहून देई. गुण देणाऱ्या यंत्रांनी त्या निबंधांना भरघोस गुण दिले.

आजचे चॅटबॉट त्या यंत्रांपेक्षा फार पुढे गेले आहेत. तुमच्या मुलीने काय लिहिलंय ते त्यांना बऱ्यापैकी उमगतं. पण गुळगुळीत, भारदस्त भाषेची ओढ त्यांनाही आहे. मराठीत ती जास्त जाणवते. चॅटबॉट ज्या इंटरनेटवरच्या मजकुरावर मुख्यतः घडतात, त्यात इंग्रजीचा वाटा चाळीस टक्क्यांहून अधिक आहे आणि मराठीचा एक टक्क्याच्याही कितीतरी खाली. त्या थोड्या मराठीत बातम्या, सरकारी मजकूर आणि तयार निबंधांच्या साइट यांची गर्दी. अकरा-बारा वर्षांची मुलगी आपल्या आजीबद्दल कसं लिहील, याचे नमुने त्यात जवळजवळ नाहीतच. म्हणून ‘यात्रा’ म्हटलं की त्याच्याकडून ‘संस्कृतीचा अविभाज्य भाग’, ‘भक्तिभावाचं वातावरण’, ‘सामाजिक एकोपा’ हेच बाहेर पडतं. ते कुठल्याही गावाच्या, कुठल्याही यात्रेला चालतं.

आता तुमच्या मुलीचं ते वाक्य. आजीची साडी भिजत घातली आणि बादलीतलं पाणी गुलाबी झालं. ताई, माझ्या मते त्या निबंधातलं ते सर्वांत चांगलं वाक्य आहे. जोतिबाच्या डोंगरावर गुलाल किती उधळला गेला, आजी किती गर्दीत शिरली, घरी परतल्यावरही यात्रा कशी संपत नाही, हे सगळं तिने एकही विशेषण न वापरता सांगितलं. ते तिने स्वतः पाहिलेलं आहे, कुठून उतरवलेलं नाही. विषयाला सोडून तर ते अजिबात नाही. मुलांच्या लेखनात अशी जागा ओळखणं आणि ती पुसू न देणं हे घरच्या माणसाचं काम आहे. बादली कुठली, साडी कुणाची, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यासाठी कुठलंही प्रमाणपत्र लागत नाही.

‘मी गेलो’बद्दल. तुमच्याकडे बायका, मुली सर्रास ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात. कोल्हापूरच्या बोलीची ती जुनी रीत आहे. तिच्यात चूक काही नाही. शाळेच्या निबंधात प्रमाण मराठीची अपेक्षा असते, म्हणून तिथे ‘मी गेले’ लिहायचं. पण त्याच निबंधात आजीचं बोलणं येत असेल, तर आजीच्या तोंडी ‘मी बी येतो’ हेच शोभतं. मुलीला दोन्ही सांगा : ही घरची, ही वहीतली, दोन्ही आपल्याच. चॅटबॉटने ‘चूक’ एवढंच सांगितलं. त्यामुळे आपण घरी बोलतो तेच चूक, असं पोरगी समजून बसेल. तेवढं मात्र आवर्जून दुरुस्त करा.

शुद्धलेखनाच्या बाबतीत एक गोष्ट फार थोड्या पालकांच्या लक्षात येते. फोटोतलं हस्ताक्षर वाचताना चॅटबॉट अक्षर न् अक्षर पाहत नाही. तिथे काय असायला हवं याचा अंदाज बांधत तो वाचतो. मुलीने ‘परिक्षा’ लिहिलं असेल, तरी तो मनातल्या मनात ‘परीक्षा’ वाचून मोकळा होतो आणि ‘एकही चूक नाही’ असा शेरा देतो. उलट, वळणदार ‘थ’ त्याला ‘य’ वाटला तर न केलेली चूक पदरात घालतो. तुम्ही निबंध मोबाइलवर टाइप करून दिलात, तरी कीबोर्ड आपणहून शब्द सुधारतो. बोलून टाइप केलं तर ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्नच मिटतो, कारण ते मुलीचं राहतच नाही. आणि मराठीचे नियमही सरळ नाहीत. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२चे चौदा आणि १९७२चे चार मिळून अठरा नियम आहेत. त्यांत ‘गरीब’चं ‘गरिबाला’ होतं, पण ‘शरीर’चं ‘शरीराला’च राहतं, कारण तो संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द आहे. अशा जागी चॅटबॉट अडखळतो आणि तितक्याच आत्मविश्वासाने चुकीचं सांगतो. तेव्हा शुद्धलेखनासाठी वही, बालभारतीचं पुस्तक आणि एखादा शुद्धलेखनाचा कोश एवढंच समोर ठेवा. पाठ्यपुस्तकातला शब्द मुलीने स्वतः शोधून पाहिला, तर तो तिच्या लक्षातही राहतो.

मग चॅटबॉट कशाला? एक अनोळखी वाचक म्हणून. घरच्यांना सगळं आधीच माहीत असतं. त्यामुळे मुलीने काय सांगायचं राहून गेलं, ते आपल्याला दिसत नाही. चॅटबॉट तिच्या आजीला ओळखत नाही, आणि हीच त्याची खरी सोय. त्याला हे लिहून द्या : ‘खाली सहावीतल्या मुलीचा निबंध आहे. गुण देऊ नकोस. निबंध नव्याने लिहू नकोस. तुला यातून काय समजलं ते तीन ओळींत सांग. जे नीट कळलं नाही किंवा आणखी जाणून घ्यावंसं वाटलं, त्यावर तिला तीन प्रश्न विचार. प्रत्येक प्रश्न ज्या वाक्यावरून सुचला, ते वाक्य जसंच्या तसं लिही.’

शेवटची अट गाळू नका. त्याने उद्धृत केलेलं वाक्य वहीत सापडलं नाही, तर तो प्रश्न बाद. बाकीचे प्रश्न मुलीला वाचून दाखवा. यात्रेतली सासनकाठी केवढी होती? ती कोण नाचवत होतं? आजी दमली तेव्हा तुम्ही कुठे बसलात? उत्तरं चॅटबॉटला द्यायची नाहीत. तिने ती पेन्सिलने समासात लिहायची आणि त्यांतली हवी ती निबंधात घ्यायची. एखादा प्रश्न तिला फालतू वाटला तर तो सोडायचा हक्कही तिचाच. सगळ्या सूचना मुकाट्याने मान्य करणारी मुलगी चांगलं लिहायला शिकत नाही.

प्रगती पाहायची असेल तर तिची तुलना तिच्याशीच करा. २० ऑगस्ट २०१०च्या शासन निर्णयाने आपल्याकडे पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्यात शिक्षक मुलांच्या वर्णनात्मक नोंदी ठेवतात. तशीच एक वही घरी ठेवा. तारीख, निबंधाचा विषय आणि दोन ओळी. ‘या वेळी संवाद लिहिला.’ ‘शेवट घाईत केला.’ सहा महिन्यांनी ती वही उघडलीत की आठ आणि साडेसहापेक्षा कितीतरी जास्त कळेल.

काळजीची बाबही सांगतो. चॅटजीपीटी चालवणाऱ्या ओपनएआयच्या नियमांनुसार तेरा वर्षांखालच्या मुलांनी ते वापरायचंच नाही. आपल्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती हाताळायला पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे. म्हणून खातं तुमचं, फोन तुमच्या हातात आणि मुलगी शेजारी. वहीवरचं नाव, शाळा, हजेरी क्रमांक फोटोत येऊ देऊ नका. निबंधात घरातलं आजारपण, भांडण, पैशांची ओढाताण असं काही आलं असेल, तर तो निबंध चॅटबॉटला देऊच नका. तो फक्त तुम्ही वाचा.

घरी चॅटबॉटची मदत घेता हे वर्गशिक्षकांपासून लपवू नका. समासात प्रश्नोत्तरं लिहिलेली वही तशीच त्यांना दाखवा. त्यांचा शेरा आणि चॅटबॉटचं म्हणणं यांत फरक पडला, तर आधी शिक्षकांना जाऊन विचारा. त्यांनी तुमच्या मुलीला वर्गात लिहिताना पाहिलेलं असतं.