सीपीच्या नादानं डस्ट उधळू नका

न्हावा शेव्यात पोकेमॉन गो खेळणारे आम्ही बरेचसे सीएफएस म्हणजे कंटेनर फ्रेट स्टेशनमधले, नाहीतर क्लिअरिंगवाल्यांकडची पोरं. कंटेनर तपासणीला लागेपर्यंत हातात वेळच वेळ. डिसेंबर २०१६मध्ये गेम भारतात अधिकृतपणे आला तेव्हा आमच्यात भाव एकाच आकड्याला होता, सीपीला, म्हणजे कॉम्बॅट पॉवरला. ज्याचा सीपी मोठा त्याच्यावर स्टारडस्ट ओतायची, बाकीचे प्रोफेसरकडे ट्रान्सफर. नवी पोरं अजून तेच करतात, म्हणून हे लिहितोय.

सीपी म्हणजे काट्यावरचं भरल्या ट्रेलरचं वजन. ट्रेलर आणि रिकामा डबा वजा केल्याशिवाय माल किती ते कळत नाही. इथं ट्रेलर म्हणजे पोकेमॉनची जात, डबा म्हणजे त्याची लेव्हल आणि माल म्हणजे आयव्ही. अटॅक, डिफेन्स, एचपी, प्रत्येकी ० ते १५.

पूर्वी अप्रेझलला टीम लीडर मोघम बोलायचे, तेव्हा उलटा हिशेब करावा लागे. पॉवर-अपला २५०० डस्ट मागितली की लेव्हल १९ ते २०.५मधली. मग त्या लेव्हलला दिसणारा सीपी नि एचपी कुठल्या आकड्यांनी जमतो ते जुन्या चलनाच्या पाठीवर मांडायचं, न जमणारे खोडायचे. मजा यायची, खोटं कशाला बोलू! २०१९पासून तीन पट्ट्या सरळ दिसतात. आयव्ही सांगण्यासाठी खात्याचा पासवर्ड मागणारी ॲपं मात्र आजही टाळा, खातं बंद होऊ शकतं.

आता ‘हंड्रेड’चं, म्हणजे तिन्ही आयव्ही १५ असलेल्याचं वेड. साध्या रेडमध्ये पकडलेल्या मेवटूचे आयव्ही १०च्या खाली नसतात. लेव्हल २०ला १०/१०/१०चा सीपी २२९४, १५/१५/१५चा २३८७. फरक ९३, म्हणजे चार टक्के. उलट लेव्हल २०वरून ४०वर न्यायला २,२५,००० डस्ट लागते. रेडमध्ये हंड्रेड मिळण्याची शक्यता २१६त एक. तेवढ्यासाठी हातातला चांगला मेवटू अर्धवट ठेवणं मला तरी पटत नाही. खरा जोर लेव्हलनं येतो.

खेळाडूंच्या आपसांतल्या लढतींच्या ग्रेट लीगमध्ये गणित उलटं फिरतं. तिथं सीपीला १५००चं बंधन. सीपीच्या सूत्रात अटॅक पूर्ण धरतात, डिफेन्स आणि एचपीचं मात्र वर्गमूळ घेतात. त्यामुळे अटॅक कमी असला की १५००च्या आत लेव्हल जास्त चढते आणि पोकेमॉन जास्त वेळ तग धरतो. म्हणून तिथं बऱ्याच जातींत ०/१५/१५च्या जवळपासचा उत्तम. पण अप्रेझल त्याला दोनच तारे देतं. आमच्यातल्या एकानं असाच स्कार्मोरी ‘अटॅक शून्य, काय कामाचा’ म्हणून प्रोफेसरकडे धाडला. ट्रान्सफर केलेला परत मिळत नाही. दोन तारे दिसले की पट्ट्या उघडून बघा : वरची रिकामी, खालच्या दोन भरलेल्या असतील तर हात आवरा. आणि लीगसाठी असले जपत असाल तर ते ट्रेडमध्ये देऊ नका, कारण ट्रेडमध्ये आयव्ही नव्यानं ठरतात. लकी ट्रेडमध्ये तर तिन्ही किमान १२, म्हणजे अटॅक वर गेलाच.

शेवटी एक सावधगिरी : लोखंडी डब्यांच्या थप्प्यांत जीपीएस भरकटतं, पोकेस्टॉपसाठी पुढं सरकायचा मोह होतो. पट्ट्या सीएफएसच्या आतच, कँटीनमध्ये बसून तपासा. सर्व्हिस रोडवर ट्रेलरच्या डाव्या बाजूचा माणूस ड्रायव्हरला दिसत नाही.