दाराविना घर संगणकात कसं बसवायचं?

प्रश्न : माझा भाचा सिव्हिल इंजिनिअर होऊन आता पुण्यात बांधकाम व्यवस्थापन शिकतो आहे. सुट्टीला आला की लॅपटॉपवर 'बिम'मध्ये इमारती उभ्या करत बसतो. ऑटोकॅडपेक्षा यात निराळं काय आहे? आमच्या गावात घरांना दारंच नसतात, ती घरं त्यात कशी बसवायची? मी छोटीमोठी बांधकामं घेतो, म्हणून विचारतो. – एक वाचक, शनिशिंगणापूर, ता. नेवासा

उत्तर : दाराचा प्रश्न आधी घेतो, कारण पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यातूनच निघतं. ऑटोकॅडच्या नकाशात भिंत म्हणजे दोन समांतर रेघा आणि दार म्हणजे एक रेघ नि पाव वर्तुळ. ती भिंत आहे हे नकाशा बघणाऱ्याला कळतं, संगणकाला नाही. बिममध्ये, म्हणजे बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंगमध्ये, भिंतीची नोंद भिंत म्हणूनच होते. जाडी किती, उंची किती, वीट की ब्लॉक, कोणता मजला, हे सगळं तिच्याबरोबर राहतं. दार बसवलं की भिंतीला आपोआप भोक पडतं आणि भिंत सरकवली तर दारही सरकतं.

निरनिराळ्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरना एकमेकांची मॉडेलं वाचता यावीत म्हणून आयएफसी नावाची खुली आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. तिच्यात भिंत, भिंतीतलं भोक आणि त्या भोकात बसणारं दार या तीन वेगळ्या नोंदी असतात. तिसरी केलीच नाही तरी पहिल्या दोन बिनतक्रार चालतात, त्यामुळे शिंगणापूरचं घर दाराविनाही मॉडेलमध्ये बसतं. युको बँकेनं २०११ साली तुमच्या गावात नेहमीच्या कुलपाविना, काचेच्या दाराची शाखा उघडली. तिच्या मॉडेलमध्ये दार असेल, त्यापुढचा साध्या कुलपाचा रकाना तेवढा मोकळा राहील.

तुम्ही कामं घेता, तेव्हा खरी गंमत मोजमापात आहे. ३ मीटर लांब आणि ३ मीटर उंच भिंत घ्या. तिच्यात ०.९ बाय २.१ मीटरचं, म्हणजे १.८९ चौरस मीटरचं दारापुरतं भोक आहे. गिलावा दोन्ही बाजूंना, म्हणजे भोक न धरता १८ चौरस मीटर. मॉडेल दोन्ही बाजूंचं भोक वजा करून १४.२२ सांगेल. पण आपल्याकडे मोजमाप आयएस १२०० या भारतीय मानकाप्रमाणे होतं. भोक अर्धा ते तीन चौरस मीटरच्या दरम्यान असेल आणि दोन्ही बाजूंना सारखाच गिलावा असेल, तर वजावट एकाच बाजूची करायची, असा त्यात नियम आहे. भोकाच्या आतल्या कडांचा गिलावा वेगळा मोजायचा नसतो, त्याची ही भरपाई. म्हणजे बिल १६.११ चौरस मीटरचं व्हायला हवं. मॉडेलचा आकडा तसाच बिलात उतरवला तर दर दारामागे पावणेदोन चौरस मीटरहून जास्त गिलावा तुमच्या पदरचा जाईल. संगणकाचं गणित चुकत नाही, त्याला आपला नियम ठाऊक नसतो एवढंच. तो सांगायला माणूस लागतो, आणि असा माणूस तयार करणं हे कॉलेजचं काम.

आपल्या राज्यात ही सोय बऱ्यापैकी आहे. निकमार ही संस्था १९८३ मध्ये निघाली ती बांधकाम व्यवस्थापनासाठीच, आणि २०२२ पासून पुण्यात तिचं विद्यापीठ झालं. पुण्याच्या सीओईपीत आणि मुंबईच्या व्हीजेटीआयमध्येही याच विषयाचं एम. टेक. आहे. कामाला वावही आहे. नागपूर मेट्रोनं सुरुवातीपासून 'फाइव्ह-डी' बिम वापरलं, म्हणजे त्रिमित मॉडेलला वेळापत्रक आणि खर्च जोडला. ब्रिटनमध्ये तर एप्रिल २०१६ पासून केंद्र सरकारच्या कामांना बिम सक्तीचं झालं. मॉडेलमधली माहिती कुणी, केव्हा, कुणाकडे द्यायची याचं शिस्तशीर मानक, आयएसओ १९६५०, २०१८ मध्ये आलं.

माझी तक्रार शिकवण्याच्या पद्धतीबद्दल आहे. बऱ्याच वर्गांत बिमच्या नावाखाली एखादं सॉफ्टवेअर शिकवतात. कोणतं बटण कुठं, भिंत कशी ओढायची, रंगीत चित्र कसं काढायचं, की झालं सर्टिफिकेट. ज्या मुलानं सेंटरिंग उभं राहताना पाहिलं नाही, तो वेळापत्रकात आधी गिलावा घालतो आणि वीजवाल्याचं भिंत कापून पाइप टाकणं नंतर. पडद्यावर इमारत तरीही सुरेख उभी राहते, कारण दोन वस्तू एकाच जागेत घुसल्या तरच सॉफ्टवेअर ओरडतं. ही टक्कर दाखवण्याची सोय मात्र फार कामाची आहे. सांडपाण्याचा पाइप तुळईतून जातोय हे स्लॅब टाकल्यावर प्लंबरकडून कळण्यापेक्षा आधी पडद्यावर कळलेलं केव्हाही बरं. पण कामाचा क्रम, मिस्त्रीची सवय, पावसाळ्यात बंद राहणारे दिवस हे मुलाला साइटवरच समजतं. माझ्या मते पहिलं सत्र साइटवर काढल्याशिवाय कुणालाही मॉडेलला हात लावू देऊ नये.

लोणी, संगमनेर, कोपरगावच्या कॉलेजांतल्या मुलांनी पुण्याची वाट बघायचंही कारण नाही. विद्यार्थ्यांना रेव्हिट हे बिमचं सॉफ्टवेअर विनामूल्य मिळतं. फ्रीकॅड आणि ब्लेंडरवर चालणारं बोन्साय ही दोन्ही तर सगळ्यांनाच मोफत आहेत आणि आयएफसीत काम करतात.

भाच्याला तुमचं एखादं पूर्ण झालेलं घर, नकाशा आणि मोजमापाची वही हाती द्या. त्याचं मॉडेल करून गिलाव्याचा आकडा तुमच्या वहीशी जुळवायला सांगा. फरक येईलच. तो का आला हे त्याला दार-दार, भिंत-भिंत दाखवून सांगता आलं तर त्याच्या फीचे पैसे वसूल झाले समजा.