नफा आणि समाजकार्य एकत्र नांदतात?

प्रश्न : आम्ही काही गृहिणी मिळून पापड, बडी आणि बिजौरी असं वाळवण विकण्याचा विचार करतोय. गरजू बायकांना काम मिळावं हा हेतू आहे. देणग्या घ्याव्यात की धंदाच करावा?
— एक वाचक, पद्मनाभपुर, दुर्ग

उत्तर : ताई, धंदाच करा. 'लिज्जत' पापड बनवणाऱ्या महिलांच्या संस्थेकडे बघा. 15 मार्च 1959 रोजी मुंबईच्या गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. देणगी घ्यायची नाही, हे त्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. तिथे मळलेलं पीठ सकाळी घरी न्यायचं, लाटलेले पापड वजनावर परत द्यायचे आणि मजुरी घ्यायची. मुलं सांभाळत बाई कमावते. लाटणारी प्रत्येक जण तिथे मालकीण असते. नफा वाटून घेतात आणि तोटाही. माझ्या मते खरं सामाजिक मूल्य इथेच आहे. नुसती मजुरी तर कुठलाही कारखानदार देईल.

म्हणून नोंदणीचा निर्णय जपून घ्या. कलम 8 ची कंपनी केलीत तर नफा सभासदांत वाटता येणार नाही. तुमच्या हेतूला सहकारी संस्था किंवा बचत गट अधिक मानवेल. अन्न सुरक्षेची नोंदणी मात्र पहिल्या पाकिटाआधीच हवी.

दर ठरवताना डाळ, मसाला, पाकीट यांच्याआधी लाटणारीची मजुरी मांडा. बहुतेक गट ती शेवटी मांडतात, मग दुकानदाराने भाव पाडला की तिथेच कात्री लागते. आणि उधारी टाळा. भिलाई-दुर्गच्या मराठी घरांत ओळखी भरपूर, तिथे रोखीचा नियम पाळणं सर्वांत जड जाईल.